खेळ थांबल्यावर : क्रिकेटवाले आणि बाकीचे
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषयही त्यांनीच दिला. म्हणाले, “तू जन्मभर बँकेत खेळाडूंच्या फायली सांभाळल्यास, त्यावर बोल. कविता-बिविता नको.” कविता मला शाळेतही जमली नव्हती, हे मराठीच्या बाईंना आठवत असेल. तेव्हा फायलींवरच बोलतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की मी मुंबईला एका बँकेच्या कर्मचारी विभागात होतो. आमच्या बँकेत खेळाडू म्हणून भरती व्हायची. क्रिकेट, कबड्डी, खो-खो, टेबल टेनिस, कॅरम, व्हॉलीबॉल. भरतीचे कागद, सामन्यांसाठीची खास रजा, दुखापतीची बिलं आणि शेवटी निवृत्तीचे कागद, हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. खेळाडू मैदानावर कसा खेळला ते लोकांनी पाहिलं. मैदान सुटल्यावर तो कसा जगला, ते मी पाहिलं.

लोक मला एकच प्रश्न विचारतात. “काय हो, क्रिकेटवाले मजेत आणि बाकीचे उपाशी, हे खरं ना?” याचं उत्तर ‘हो’ असं दिलं की टाळ्या मिळतात. पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं आपल्या कामाचं आहे, म्हणून सांगतो.

आधी जुना काळ घेऊ. लॉर्ड्सवर २५ जून १९३२ रोजी भारत पहिली कसोटी खेळला, तेव्हा भारताकडून पहिला चेंडू कुणी खेळला? जनार्दन नवले यांनी. पुणे जिल्ह्यातल्या फुलगावचा माणूस. सलामीचा फलंदाज आणि यष्टिरक्षक. १९७९ साली ते पुण्यात वारले. उतारवयात ते एका साखर कारखान्यावर पहारेकऱ्याचं काम करत होते आणि दोन खोल्यांत राहत होते, असं त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं गेलं आहे. भारतीय क्रिकेटमधला पहिला चेंडू खेळलेल्या माणसाची ही अखेर.

पन्नासच्या दशकात एका कसोटीचे अडीचशे रुपये मिळायचे. सुभाष गुप्ते, आजही ज्यांचं नाव लेगस्पिनचा विषय निघाला की पहिलं येतं, ते पुढे त्रिनिदादला स्थायिक झाले आणि तिथल्या साखर उद्योगात नोकरी करत राहिले. एकनाथ सोलकर हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. २७ कसोट्यांत ५३ झेल. तेही नोकरी करूनच खेळले. मुंबईचं सगळं क्रिकेट त्या काळी नोकरीवर उभं होतं. निरलॉन, मफतलाल, एसीसी, टाटा, स्टेट बँक, यांचे संघ टाइम्स शील्डमध्ये उतरायचे आणि त्या संघांत कसोटीवीर असायचे. सकाळी सही, दुपारी नेट, आणि महिन्याच्या शेवटी पगार.

आता त्याच काळातला दुसरा माणूस घ्या, आपल्या जिल्ह्यातला. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ साली लंडनला सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली आणि प्राचार्यांचं कर्ज फेडलं. १९५५ साली ते पोलिसात फौजदार झाले. पुढे वर्षानुवर्षं बढती नाही. निवृत्तीच्या तोंडावर सहायक आयुक्तपद मिळालं, आणि १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा.

नवले आणि खाशाबा शेजारी शेजारी ठेवून पाहा. एक क्रिकेटवाला, एक पैलवान. दोघांनाही खेळाने नाव दिलं, भाकरी दिली नाही. खाशाबांना निदान सरकारी नोकरी होती. म्हणजे त्या काळी क्रिकेटवाला आणि बाकीचे एकाच नावेत होते. नाव गळकी होती, पण एकच होती. १९५४च्या मनिला एशियाडमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्ण मिळवणारे सरवानसिंग पुढे वीस वर्षं टॅक्सी चालवत होते. मिल्खासिंगना राष्ट्रीय स्पर्धेत मागे टाकणारे माखनसिंग ट्रक चालवत होते. १९६४च्या टोकियोत हॉकीचं सुवर्ण मिळवणाऱ्या संघाचे गोलरक्षक शंकर लक्ष्मण २००६ साली महूला पायाच्या गँगरिनने गेले, तेव्हा उपचाराला पैसे नव्हते.

मग फरक कधी पडला? आपण नोकरीला लागलो त्याच सुमारास. १९८३ साली कपिलच्या संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा बक्षीस द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते. लतादीदींनी दिल्लीला मानधन न घेता कार्यक्रम केला, त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये दिले गेले. आज ही गोष्ट नातवंडांना सांगितली तर ती हसतात. त्यानंतर दहा-बारा वर्षांत टीव्हीचं प्रक्षेपण हे विकायची वस्तू झालं. पूर्वी सामना दाखवायला दूरदर्शनला मंडळानेच पैसे मोजायचे अशी पद्धत होती. ती उलटी झाली. पैसा आला तो तिथून. आणि २००८ साली आयपीएल आली, मग तर धरणाचे दरवाजेच उघडले.

पण माझ्या टेबलावरून मला दिसलेली महत्त्वाची तारीख वेगळी आहे. ती २००४. त्या वर्षी क्रिकेट मंडळाने जुन्या खेळाडूंना दरमहा पेन्शन सुरू केली. पुढे ती वाढत गेली. २०१२ साली जुन्या खेळाडूंना एकरकमी रक्कम दिली; शंभरावर कसोट्या खेळलेल्यांना दीड कोटी, आणि त्याखाली सामन्यांच्या संख्येप्रमाणे उतरत. २०२२च्या जूनमध्ये पेन्शन पुन्हा वाढली. ज्या प्रथम श्रेणी खेळाडूला १५ हजार मिळत होते त्याचे ३० हजार झाले. कसोटी खेळाडूंचे ३७ हजार ५०० वरून ६० हजार, आणि ५० हजारांवरून ७० हजार. महिला आंतरराष्ट्रीय खेळाडूंचे ३० हजारांवरून ५२ हजार ५००. पंच धरून सुमारे नऊशे लोकांना त्याचा फायदा झाला.

आता दुसरा आकडा ऐका. केंद्र सरकारची गुणवंत खेळाडूंसाठी पेन्शन योजना आहे, १९९४ पासून. २०१८ साली तिचे आकडे दुप्पट केले. दुप्पट करून किती झाले? ऑलिम्पिक पदकविजेत्याला महिना २० हजार. एशियाड किंवा राष्ट्रकुल स्पर्धेतल्या सुवर्णाला १४ हजार, रौप्य-कांस्याला १२ हजार. हे वय तिशी ओलांडल्यावर आणि खेळ सोडल्यावर.

म्हणजे बघा, भारताकडून एकही सामना न खेळलेला, फक्त रणजी खेळलेला क्रिकेटपटू ३० हजार घेतो, आणि ऑलिम्पिकचं पदक आणलेला माणूस २०. हे मी क्रिकेटवाल्यांच्या तोंडचा घास काढा म्हणून सांगत नाही. ते पैसे सरकारचे नाहीत, मंडळाने सामने विकून मिळवलेले आहेत, आणि मंडळाने ते जुन्या लोकांना आठवणीने दिले हे चांगलंच केलं. ज्यांनी अडीचशे रुपयांत कसोटी खेळली त्यांच्या म्हातारपणी त्यांच्या दारात काहीतरी पोचलं. माझं म्हणणं एवढंच की बाकीच्या खेळांच्या संघटनांना असं काही सुचलं नाही, किंवा त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं.

आणि सरकारी योजनेतही एक गोम आहे. ती पदकावर चालते. कबड्डी एशियाडमध्ये पदकासाठी आली १९९० साली, बीजिंगला. त्याआधी जे कबड्डी खेळून थकले, त्यांनी पदक आणायचं कुठून? खो-खो तर अजूनही एशियाडच्या पदकांच्या यादीत नाही. आपल्या शाळेचे खेळ कोणते होते? कबड्डी आणि खो-खो. दहा वर्षं महाराष्ट्राकडून खेळलेला, राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलेला खो-खोपटू त्या योजनेच्या दारात उभा राहिला तर त्याला तिथे खिडकीच नाही. तो हरला म्हणून नव्हे, त्याच्या खेळाला शर्यतच ठेवली नाही म्हणून. कुस्तीचं जरा बरं आहे. राज्य शासन महाराष्ट्र केसरी, हिंदकेसरी मल्लांना मानधन देतं. पण पैलवानाचा खुराक काय असतो ते इथे बसलेल्या गाववाल्यांना सांगायला नको.

मुलींचं सांगतो, कारण आपल्या वर्गातल्या दोघी जिल्ह्याच्या खो-खो संघात होत्या आणि आत्ता माझ्याकडे डोळे वटारून बघताहेत. २००६ सालापर्यंत महिला क्रिकेट हे क्रिकेट मंडळाच्या छत्राखाली नव्हतं. त्यांची संघटना वेगळी होती आणि गरीब होती. म्हणजे त्या बायका खेळत होत्या क्रिकेटच, पण जगत होत्या कबड्डीवाल्यांसारख्या. रेल्वेने नोकऱ्या दिल्या म्हणून त्यांचं क्रिकेट टिकलं. डायना एडलजी याच पश्चिम रेल्वेत होत्या. मंडळाखाली आल्यावर मग पुढे त्यांनाही पेन्शन सुरू झाली. खेळ तोच, बॅट तीच, मैदान तेच. बदललं ते डोक्यावरचं छत्र. म्हणून मी म्हणतो, खेळाडूचं म्हातारपण कोणत्या खेळावर ठरत नाही, त्याच्या मागे कोण उभं आहे यावर ठरतं.

आता माझ्या फायलीतली दोन माणसं सांगतो. नावं घेत नाही, दोघेही हयात आहेत.

दोघे एकाच वर्षी बँकेत लागले. पहिला क्रिकेटवाला, मध्यमगती गोलंदाज. रणजीचे मोजके सामने खेळला, तेवढ्यावर मंडळाच्या पेन्शनीत बसला नाही. दुसरा कबड्डीवाला, कोपरारक्षक, महाराष्ट्राकडून सात-आठ वर्षं खेळला. पेपरात फोटो पहिल्याचे यायचे. दुसऱ्याची नावं यायची ती कधी बरोबर, कधी चुकीची.

तिशी-बत्तिशीला दोघांचा खेळ संपला. गोलंदाजाची पाठ गेली, कबड्डीवाल्याचा गुडघा. आता इथे खरी गोष्ट सुरू होते. कबड्डीवाला खेळत असतानाच रात्री अभ्यास करून बी.कॉम. झाला होता. खेळ थांबल्यावर त्याने बँकेच्या परीक्षा दिल्या, अधिकारी झाला, शेवटी शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाला. गोलंदाज बारावीवर लागला होता आणि बारावीवरच राहिला. त्याला शेवटपर्यंत वाटत होतं, क्रिकेटमधून काहीतरी मिळेल. निवड समितीवर घेतील, कोच म्हणून बोलावतील. एक-दोनदा बोलावलंही. पण ते हंगामी. तो कारकून म्हणून निवृत्त झाला. दोघांचे कागद मीच केले. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, पेन्शन. कबड्डीवाल्याचा आकडा जवळजवळ दुप्पट होता.

म्हणजे सगळ्यांच्या समजुतीच्या उलट. आणि तरी दोघेही आज आपापल्या घरात सुखाने आहेत, कारण दोघांनाही कायमची नोकरी होती. दर महिन्याला औषधाची गोळी विकत घेता येते की नाही, हा साठीनंतरचा खरा सामना असतो, आणि तो दोघांनीही जिंकला. माझ्या सगळ्या फायलींमध्ये नोकरी टिकवलेला खेळाडू, मग तो कोणत्याही खेळाचा असो, रस्त्यावर आला असं एकही उदाहरण मला दिसलं नाही. ज्यांनी रागाने किंवा नादाने नोकरी सोडली, त्यांची मात्र दिसली. त्यांत क्रिकेटवाले होते, बाकीचेही होते.

शरीराचंही थोडं सांगतो. कबड्डी आणि कुस्तीवाल्यांचे गुडघे, घोटे, मान, खांदे लवकर बोलायला लागतात. मातीवर खेळलेल्या आमच्या पिढीला मॅट, फिजिओ हे शब्द नंतर कळले. पैलवानाची कुस्ती सुटते पण भूक सुटत नाही; मेहनत बंद, खुराक चालू, मग चाळिशीत साखर आणि रक्तदाब. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाज सोडला तर शरीर त्या मानाने कमी झिजतं. शिवाय क्रिकेटवाल्याला साठीतही मैदानावर काम मिळतं. पंच, सामनाधिकारी, प्रशिक्षक, समालोचक, खेळपट्टी बघणारा, अकादमी चालवणारा. खेळाच्या आजूबाजूला हा जो मोठा बाजार असतो, तोच जुन्या खेळाडूला पोसतो. कबड्डीत हा बाजार नव्हताच. २०१४ साली प्रो कबड्डी आली आणि जरा उभा राहू लागला. पवन सेहरावतला २०२२ साली दोन कोटी सव्वीस लाखांची बोली लागली, तेव्हा आपल्या पीटीच्या सरांनी मला फोन करून विचारलं होतं, “आकडा बरोबर ऐकला ना रे मी?” बरोबर ऐकला, सर. आयपीएलमध्ये ऋषभ पंतला २७ कोटी लागले, तो आकडाही बरोबर.

पण या नव्या पैशात एक धोका आहे आणि तो सगळ्याच खेळांना आहे. पूर्वी बँका, कंपन्या कायमची नोकरी देत. आता बऱ्याच ठिकाणी कंत्राट असतं. खेळतोस तोवर पैसे. लिलावात काही मुलांचं सोनं होतं. बाकीची शेकडो मुलं सत्ताविशीत बाहेर पडतात, तेव्हा हातात पदवी नसते, नोकरी नसते, आणि वय निघून गेलेलं असतं. क्रिकेटमध्ये तर ही गर्दी सगळ्यात मोठी. मुंबईच्या मैदानांवर रोज हजारो पोरं किट घेऊन उतरतात. त्यांतली रणजीपर्यंत पोचतात किती? आपण वरच्या पंधरांना बघतो आणि म्हणतो, क्रिकेटवाले मजेत. खालच्या हजारांना पेन्शन नाही, एशियाड नाही, काहीच नाही. त्यापेक्षा रेल्वेत लागलेला कबड्डीवाला सुखी.

आणि वरच्या पंधरांतही सगळ्यांचं सारखं होत नाही. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमच्या दोन मुलांनी ६६४ धावांची भागी केली. शाळेच्या सामन्यात. त्यांतल्या एकाचं पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. दुसऱ्याने, विनोद कांबळीने, २०२२ साली उघडपणे सांगितलं की मंडळाची ३० हजारांची पेन्शन हेच आपलं उत्पन्न आहे. त्यावर टीकाटिप्पणी करायचा मला अधिकार नाही. पण ती पेन्शन नसती तर काय, एवढा विचार करा. आणि तशी पेन्शन ज्या खेळात नाही, त्या खेळातल्या कांबळीचं काय होत असेल, तोही करा.

दुसऱ्या टोकाला चांगली उदाहरणंही आहेत. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५च्या युद्धात जखमी झालेले जवान. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण. पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली आणि संसार उभा केला. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं, पण घर नोकरीने चालवलं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. आधी रेल्वेत होती, नंतर उपजिल्हाधिकारी झाली. कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे पॅरिसला २०२४ साली नेमबाजीत कांस्य घेऊन आला, तेव्हा तो पुण्याला रेल्वेत तिकीट तपासनीस होता. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला मिळालेलं हे वैयक्तिक पदक. आणि तिकीट तपासनीस तर धोनीही होता, खरगपूरला. एकच काळा कोट. धोनीने तो लवकर उतरवला, स्वप्नीलने पदक मिळेपर्यंत ठेवला. पण दोघांनाही सुरुवातीची भाकरी त्या कोटानेच दिली, हे विसरू नका.

आता शेवटचा मुद्दा. तो जरा खटकेल, पण बोलायला हवा.

आपण या मेळाव्यासाठी साडेसहा लाख रुपये जमवले आहेत. संध्याकाळच्या बैठकीत त्या पैशांचं काय करायचं ते ठरणार आहे. शाळेत क्रिकेटचं नेट आणि सिमेंटची खेळपट्टी करायची अशी सूचना आहे. सूचना चांगली आहे, मुलांना आवडेल. पण आपल्यातच एक जण बसला आहे. त्याची परवानगी घेऊन बोलतोय, नाव घेत नाही. तुम्ही सगळे ओळखता. आपल्या कबड्डी संघाचा तो कणा होता. कुमार गटात तीन वेळा महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळला. दहावीत गणितात राहिला, कारण परीक्षेच्या आधी शिबिर होतं. पुन्हा बसला नाही, कारण पुन्हा शिबिर होतं. गणित नाही म्हणून दहावीचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून बँकेत नाही, पोलिसात नाही. आज तो एका गोदामावर रात्रपाळी करतो. दोन्ही गुडघे बदलायला सांगितले आहेत.

हलाखीत असलेल्या खेळाडूंसाठी केंद्राचा पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाचा कल्याण निधी आहे. उपचारासाठी त्यातून मदत मागता येते. मी अर्ज लिहायला बसलो. पण त्याची सगळी प्रमाणपत्रं २०१९च्या पुरात गेली. आणि बोगस प्रमाणपत्रांची एवढी प्रकरणं बाहेर आल्यापासून पुराव्याशिवाय कुणी कागद पुढे सरकवत नाही, त्यात त्यांचीही चूक नाही.

मग मी आपल्या पीटीच्या सरांना फोन केला. सर ऐंशीच्या पुढे आहेत. सरांनी कपाटातून १९७४ ते १९८० च्या वह्या काढल्या. प्रत्येक सामन्याची तारीख, संघातल्या मुलांची नावं, गुण, कुणाची निवड कुठे झाली, शाईच्या पेनाने लिहिलेलं. हेडमास्तरांच्या ऑफिसातल्या फोटोवर संघाची पाटी आहे, त्यावर साल आहे. त्या वह्या, तो फोटो आणि शाळेचं पत्र जोडून गेल्या महिन्यात अर्ज पाठवला आहे. उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. तोवर त्याचे गुडघे थांबणार नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी. दोन लाखांत नेट करू. सिमेंटची खेळपट्टी पुढच्या वर्षी. उरलेल्या साडेचार लाखांतून पहिल्यांदा एका गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची सोय करू. दुसऱ्यासाठी आम्ही सात जण वेगळे पैसे काढतो आहोत, त्याचा बोजा निधीवर नाही. जे राहील ते मुदत ठेवीत टाकू आणि त्याच्या व्याजातून तीन कामं करू.

एक, शाळेच्या कोणत्याही संघात असलेल्या मुलाचा किंवा मुलीचा अपघात विमा. क्रिकेट असो नाहीतर खो-खो.

दोन, शिबिरामुळे वर्ग बुडालेल्या मुलांसाठी गणित आणि इंग्रजीची शिकवणी. खेळातली कामगिरी असेल तर दहावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के जागा खेळाडूंसाठी राखीव असतात. पण त्या जागेवर बसायला आधी परीक्षा पास व्हावं लागतं. शिकवायला आपल्यातले निवृत्त शिक्षक आहेतच, आत्ताच चार हात वर झालेले मी पाहिले.

तीन, प्रत्येक खेळाडूचं प्रत्येक प्रमाणपत्र ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी स्कॅन करून शाळेच्या संगणकावर आणि बाहेर एका ठिकाणी ठेवायचं. याला जवळजवळ काही खर्च नाही. सरांच्या वह्यांपासून सुरुवात करू. त्या वह्या म्हणजे या शाळेची सगळ्यात मौल्यवान वस्तू आहे, असं मला आता वाटतं.

क्रिकेट मंडळाने आपल्या जुन्या माणसांची आठवण ठेवली, कारण त्यांच्याकडे पैसा आला आणि देण्याची बुद्धीही झाली. कबड्डीला, खो-खोला तसं मंडळ कधी मिळेल ते मिळेल. तोपर्यंत त्या मुलांच्या मागे कोण आहे? त्यांची शाळा आहे, आणि आपण आहोत. साडेसहा लाखांत आपण देशाचं क्रीडाधोरण बदलणार नाही. पण आपल्या वर्गातला एक माणूस जिना चढू शकेल आणि पुढच्या वर्षी कुणा मुलाचं गणित सुटेल, एवढं होण्यासारखं आहे.

बैठक साडेपाचला आहे, सात नंबरच्या वर्गात. आपलाच जुना वर्ग. सगळ्यांनी या, आणि माझी सूचना पटली नाही तर तिथे स्पष्ट सांगा. सरांनी त्या वह्या आणल्या आहेत, त्या टेबलावर ठेवल्या आहेत. आपापली नावं बघून घ्या. बऱ्याच जणांची आहेत, राखीव खेळाडू म्हणून का होईना.

वीस मिनिटं झाली.